‘नाही’ आणि ‘दिसलं नाही’: असेंब्लीतल्या एका फाइलवाचनाची समीक्षा

मंडळी, मागच्या व्याख्यानात आपण अभावापाशी थांबलो होतो. जमिनीवर घडा नाही हे आपल्याला कळतं ते कसं, एवढाच प्रश्न होता, आणि त्यावरची नैयायिक, भाट्ट मीमांसक आणि अद्वैती यांची भांडणं आपण तासभर ऐकली. संपल्यावर मागच्या रांगेतले एक गृहस्थ म्हणाले, ‘सर, तो घडा आता पुरे. आजच्या जगातलं एखादं उदाहरण द्या की.’ तेव्हा आम्ही वेळ संपल्याचं कारण पुढे करून सुटलो. आज ते देणं फेडायचं आहे.

फेडणार आहोत ते एका प्रोग्रॅमची समीक्षा करून. कवितेची करतात, नाटकाची करतात, तशी प्रोग्रॅमची. आणि तोही असेंब्ली भाषेतला. आमची या विषयातली पात्रता विचाराल तर काही नाही. आयुष्यभर तर्कशास्त्र शिकवलं, पीएच.डी. तत्त्वज्ञानात केली, आणि संगणकाशी संबंध आला तो निवृत्तीनंतर, हयातीच्या दाखल्यापुरता. पण आमची नात पुण्यात संगणक अभियांत्रिकीच्या दुसऱ्या वर्षाला होती. जर्नल पुरं करायला ती लॅपटॉप घेऊन आष्ट्याला आली, सोप्यात बसून टकटक करू लागली, आणि आम्ही शेजारी बसून काय चाललंय ते विचारू लागलो. तिला वाटलं असेल, आबा पाच मिनिटांत कंटाळतील. आम्ही पंधरा दिवस कंटाळलो नाही.

आधी संहिता सांगतो, मग समीक्षा. सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाच्या २०१५ च्या अभ्यासक्रमात, दुसऱ्या वर्षाच्या मायक्रोप्रोसेसर प्रयोगशाळेत एक प्रयोग आहे. मतितार्थ असा: एका मजकुराच्या फाइलमध्ये मोकळ्या जागा किती, ओळी किती आणि अमुक एक अक्षर किती वेळा आलं, हे मोजणारा प्रोग्रॅम असेंब्लीत लिहा. फाइल पहिल्या प्रोग्रॅमने वाचायची, मोजणी दुसऱ्या प्रोग्रॅममधल्या ‘फार प्रोसिजर’ने करायची, आणि दोघांची गाठ ‘पब्लिक’ व ‘एक्स्टर्न’ या सूचनांनी घालायची.

आता असेंब्ली म्हणजे काय, हे ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी दोन शब्द. एरवीच्या भाषांत ‘फाइल वाच’ असं एक वाक्य लिहिलं की मधली पुष्कळ मंडळी ते काम तुमच्या वतीने उरकून देतात. असेंब्लीत मधलं कुणी नाही. तुम्ही आणि प्रोसेसर. प्रोसेसरपाशी रजिस्टर नावाचे मोजके कप्पे असतात. फाइल हवी असेल तर कर्नलच्या खिडकीवर जायचं आणि कप्प्यांत ठरल्या जागी ठरलेले आकडे भरायचे, अगदी कचेरीत फॉर्म भरतात तसे. लिनक्सच्या ६४ बिटी यंत्रावर आरएएक्स या कप्प्यात कामाचा क्रमांक: फाइल उघडायची तर २, वाचायची तर ०, बंद करायची तर ३. कोणती फाइल ते आरडीआयमध्ये, वाचलेलं कुठं ठेवायचं ते आरएसआयमध्ये, जास्तीत जास्त किती बाइट वाचायचे ते आरडीएक्समध्ये. मग ‘सिसकॉल’ म्हणायचं. कर्नल काम करतो आणि उत्तर त्याच आरएएक्समध्ये ठेवून देतो.

आजचं सगळं व्याख्यान त्या उत्तरावर आहे, म्हणून नीट ऐका. ‘वाच’ म्हटल्यावर तीन तऱ्हेची उत्तरं येतात. धन आकडा आला, तर तितके बाइट वाचले. शून्य आलं, तर फाइल संपली, पुढे काही उरलेलं नाही. ऋण आकडा आला, तर वाचताच आलं नाही, आणि का आलं नाही ते त्या आकड्यात सांगितलेलं असतं. उघडतानाही तसंच. उणे २ म्हणजे त्या नावाची फाइलच सापडली नाही. उणे १३ म्हणजे फाइल आहे, पण तुम्हाला परवानगी नाही.

मागच्या वेळी बसलेल्यांच्या लक्षात आलं असेल. घडा नाही हे कळायला नुसतं ‘घडा दिसला नाही’ एवढं पुरत नाही. ‘तिथे असता तर दिसलाच असता’ अशी स्थिती लागते; उजेड हवा, डोळे शाबूत हवेत, मध्ये भिंत नको. तिला आपले लोक योग्यानुपलब्धी म्हणतात. काळोख्या खोलीत घडा दिसला नाही म्हणून तिथे घडा नाही, असं म्हणणारा माणूस खोटं बोलत नसतो, पण त्याला ज्ञानही झालेलं नसतं. कर्नलचं शून्य हे उजेडातलं ‘नाही’ आहे. उणे २, उणे ९, उणे १३ ही काळोखातली ‘दिसलं नाही’. कर्नल हा भेद न चुकता करतो. तो ऐकणारा आपला प्रोग्रॅम काय करतो, हा समीक्षेचा विषय.

या प्रयोगाचं एक उत्तर वर्षानुवर्षं एका बॅचकडून पुढच्या बॅचकडे जात असतं. नातीकडे तीन मैत्रिणींच्या तीन प्रती होत्या. आम्ही त्या समोरासमोर ठेवून वाचल्या, पोथ्या वाचतात तशा. भांडारकर संस्थेने महाभारताची चिकित्सित आवृत्ती १९६६ मध्ये पुरी केली, ती अशाच पाठभेदांवर नजर ठेवून; नकलाकाराने एकदा चूक केली की ती पुढच्या दहा पोथ्यांत उतरते, आणि त्या चुकीवरूनच कोणती पोथी कुणावरून उतरली ते कळतं. आमच्या तीन पोथ्यांपैकी दोन एका घराण्यातल्या निघाल्या. दोन्हींत फाइल उघडल्यावर आरएएक्सची तुलना उणे १ शी केलेली होती, आणि शेजारी टीपही होती की चूक झाली तर उणे १ येतो.

येत नाही. उणे १ येतो तो सी भाषेच्या ग्रंथालयाकडून. तिथे मधला माणूस कर्नलचं उणे २ घेतो, कारण वेगळ्या जागी लिहून ठेवतो आणि तुम्हाला नुसतं ‘उणे १’ एवढंच सांगतो. असेंब्लीत तो मधला माणूस नाही, हे तर आपण आत्ताच म्हणालो. कुणीतरी कधीतरी सीच्या पुस्तकातली ओळ असेंब्लीत आणून ठेवली आणि ती पोथीत राहून गेली. परिणाम काय? फाइल नसली तर कर्नल सांगतो उणे २. प्रोग्रॅम पाहतो, उणे १ आहे का? नाही. मग सगळं ठीक आहे. तो उणे २ हाच फाइलीचा क्रमांक समजून खिशात टाकतो आणि ‘वाच’ म्हणतो. कर्नल सांगतो उणे ९, म्हणजे असली फाइल कुणी उघडलेलीच नाही. प्रोग्रॅम तो उणे ९ मजकुराची लांबी म्हणून लिहून ठेवतो. यंत्रात ऋण आकडा चिन्ह न पाहता वाचला की तो अतिप्रचंड धन आकडा दिसतो. मग मोजणी सुरू होते, कशाची ते कुणालाच माहीत नाही, आणि आपल्या हद्दीबाहेरच्या जागेत पाय पडला की यंत्र त्याला उचलून बाहेर टाकतं. पडद्यावर ‘सेगमेंटेशन फॉल्ट’.

तिसरी प्रत वेगळ्या घराण्यातली. तिच्यात आरएएक्सचा ६३ वा बिट तपासला आहे, म्हणजे आकडा ऋण आहे का एवढंच पाहिलं आहे. बिट तपासण्याची ती सूचना त्या बिटाची किंमत कॅरी नावाच्या खुणेत टाकते, आणि पुढची ओळ ‘कॅरी असेल तर उडी मार’ अशी आहे. ही ओळ पाहून आम्हाला फार आनंद झाला, कारण तिच्यात जुन्या घराची खूण आहे. ८०८६ आणि डॉसच्या काळात फाइल उघडता आली नाही तर डॉस कॅरीची खूण लावायचा आणि कारणाचा आकडा एएक्समध्ये ठेवायचा. फाइल सापडली नाही याचा आकडा तिथेही २ च होता. जुन्या मास्तरांनी ‘कॅरी पाहा’ ही सवय लावली. लिनक्समध्ये कर्नल कॅरी लावत नाही, तर या प्रतीच्या लेखकाने ती आपल्या हाताने लावून घेतली. परंपरा चालवायची तर अशी.

याच्या उलट उदाहरण त्याच प्रयोगात आहे, ते म्हणजे ‘फार’. ८०८६ मध्ये स्मृती ६४ किलोबाइटच्या खंडांत पाहायची असे. दुसऱ्या खंडातल्या प्रोसिजरला बोलवायचं तर खंडाचा पत्ताही जपून ठेवावा लागे, म्हणून ‘निअर’ आणि ‘फार’ असा भेद. ६४ बिटी लिनक्समध्ये सगळी स्मृती सलग आहे. दुसऱ्या फाइलमधली प्रोसिजर साध्या कॉलने बोलावता येते, आणि तशीच बोलावतात. मग ‘फार’चं काय करायचं? तिन्ही प्रतींत एकच तोडगा आहे: त्या प्रोसिजरचं नावच ‘फार प्रोक’ ठेवून दिलंय! प्रश्नात ‘पब्लिक’ सक्तीचं आहे, आणि नॅसम या असेंब्लरमध्ये तेच काम ‘ग्लोबल’ करतो, तेव्हा मुलं ‘ग्लोबल’ लिहितात आणि ओरलला ‘पब्लिक’ म्हणतात. मुलांना आम्ही हसत नाही. आपल्या घरी अशी किती कृत्यं चालतात, ज्यांचं नाव राहिलंय आणि काम गेलंय, ते तुम्ही मोजा. परीक्षकाने मात्र ‘फार’ हा शब्द काढावा, नाहीतर तो इथे का निरर्थक झाला हेच विचारावं. प्रश्न म्हणून तो उत्तम आहे.

एवढी टीका केली म्हणून गैरसमज नको. सगळ्या जर्नलमधला आम्हाला सर्वांत आवडलेला प्रयोग हाच. दोन आकड्यांची बेरीज करून दाखव, यापेक्षा हा कितीतरी पुढचा. इथे विद्यार्थी पहिल्यांदा यंत्राच्या बाहेरच्या कशाला तरी हात लावतो, जे त्याने लिहिलेलं नाही, जे असेल किंवा नसेल, लहान असेल किंवा मोठं. शिवाय याला कूळ आहे. युनिक्समध्ये ओळी, शब्द आणि वर्ण मोजणारी ‘डब्ल्यूसी’ नावाची आज्ञा आहे. १९७१ च्या नोव्हेंबरमधल्या युनिक्सच्या पहिल्या हस्तपुस्तिकेत ती सापडते, आणि त्या वेळचं युनिक्स पीडीपी-११ या यंत्राच्या असेंब्लीतच लिहिलेलं होतं. म्हणजे आपली पोरं नकळत त्या पहिल्या मंडळींचंच काम पुन्हा करतात.

म्हणूनच मोजणीचा भाग बारकाईने पाहू. फेरा सोपा आहे. एक बाइट उचलायचा. तो ३२ आहे का, म्हणजे मोकळी जागा? असेल तर जागांच्या हिशेबात एक वाढवून पुढे. नसेल तर १० आहे का, म्हणजे ओळीचा शेवट? असेल तर ओळींत एक वाढवायचा. नसेल तर हवं ते अक्षर आहे का? मग उरलेल्या लांबीतून एक कमी करायचा. शून्य झालं नसेल तर पुन्हा वर.

यात एक गंमत आहे. शोधायचं अक्षर म्हणून मोकळी जागाच दिली तर? प्रोग्रॅम आधीच्या दारातून तिला आत घेतो आणि पुढे जातो, तिसऱ्या दारापर्यंत ती पोचतच नाही. पडद्यावर एकाखाली एक दोन विधानं येतात: मोकळ्या जागा सात, तुम्ही विचारलेलं अक्षर, म्हणजे तीच मोकळी जागा, शून्य वेळा. परस्परविरोधी दोन वाक्यं एका श्वासात म्हणणारा प्रतिवादी वादसभेत एका क्षणात निग्रहस्थानी आला असता.

दुसरी गंमत, रिकामी फाइल. फाइल आहे, उघडली, पण आत काही नाही. कर्नल प्रामाणिकपणे शून्य सांगतो. आमच्या मते हे सगळ्यांत शुद्ध ज्ञान, उजेडातला अभाव. आणि प्रोग्रॅम? तो आधी एक बाइट तपासतो आणि नंतर लांबीतून एक वजा करतो. शून्यातून एक गेला की ६४ बिटी कप्प्यात एकावर एकोणीस शून्यांपेक्षाही मोठा आकडा उभा राहतो, आणि पुन्हा तीच धावाधाव, पुन्हा सेगमेंटेशन फॉल्ट. म्हणजे फाइल नाही आणि फाइलीत काही नाही, या दोन वेगळ्या गोष्टींना या प्रोग्रॅमपाशी एकच उत्तर, कोसळणं. फेऱ्याच्या तोंडाशी ‘लांबी शून्य आहे का’ एवढं विचारणाऱ्या दोन ओळी पुरल्या असत्या.

नातीला आम्ही म्हटलं, रिकामी फाइल देऊन बघितलीस का? ती म्हणाली, ‘आबा, सरांनी दिलेल्या फाइलवर चाललं की सही मिळते.’ खरंच आहे तिचं. चार ओळींची इंग्रजी फाइल, आधीपासून तिथे असलेली, आणि बफरच्या ४०९६ बाइटांत आरामात मावणारी. त्या फाइलवर हा प्रोग्रॅम निर्दोष आहे. उजेडात, डोळ्यांसमोर, एकच घडा ठेवून घेतलेली ही परीक्षा. फाइल मोठी असली की पहिले ४०९६ बाइट मोजून तो थांबतो आणि तेच संपूर्ण फाइलीचं उत्तर म्हणून सांगतो, कारण ‘वाच’ हे त्याने एकदाच म्हटलेलं असतं. शून्य येईपर्यंत पुन्हा पुन्हा वाचायला हवं, हे त्याला कुणी सांगितलेलं नाही. पहिलं प्रकरण वाचून ग्रंथाचं परीक्षण लिहिणारे समीक्षक आम्ही पाहिले आहेत, त्यामुळे याचं आम्हाला फार आश्चर्य वाटलं नाही. (हशा)

आणखी एक. फाइल उघडताना या प्रतींत आरएसआयमध्ये २ भरला आहे, म्हणजे वाचायची आणि लिहायचीही परवानगी मागितली आहे. काम फक्त वाचण्याचं! ग्रंथालयात जाऊन ‘मला ही पोथी वाचायची आहे आणि तिच्यात पेनाने लिहायचंही आहे’ म्हटलं तर ग्रंथपाल काय म्हणेल? उणे १३. तिथे शून्य भरलं असतं तर पोथी हातात पडली असती.

आता आमच्या भाषेकडे येतो. आम्ही नातीला एक फाइल करायला लावली. तीन ओळी: आष्टा, वाळवा, शिराळा. आणि विचारायला लावलं, ‘ष’ किती? डोळ्याने पाहणाऱ्याला उत्तर ठाऊक आहे, एक. प्रोग्रॅमने पडद्यावर दाखवलं, १०. आम्ही चक्रावलो. नात म्हणाली, हे षोडशमान आहे, दहा नव्हे, सोळा. बरं, सोळा तर सोळा. सोळा ‘ष’ आले कुठून? मग ‘अ’ किती ते विचारलं, जो त्या फाइलीत एकदाही नाही. उत्तर सोळाच. ‘ण’? सोळा.

उलगडा असा. आज मजकूर साठवण्याची जी पद्धत सर्वत्र आहे, यूटीएफ-८, तिच्यात इंग्रजी अक्षराला एक बाइट लागतो आणि देवनागरी वर्णखुणेला तीन. ‘ष’चे तीन बाइट २२४, १६४, १८३. ‘अ’चे २२४, १६४, १३३. देवनागरीतली प्रत्येक खूण, मग ती स्वर असो, व्यंजन असो, काना असो की हलन्त, २२४ नेच सुरू होते. आपला प्रोग्रॅम कळफलकावरून आलेल्या अक्षराचा पहिला बाइट तेवढा ठेवतो आणि तोच शोधतो. मग त्याला देवनागरीतली एकूण एक खूण सापडणारच. ‘आष्टा’मध्ये पाच: आ, ष, हलन्त, ट आणि काना. वाळव्यात पाच, शिराळ्यात सहा. झाले सोळा. तुम्ही त्याला नाव विचारलंत, तो गावची माणसं मोजून आला.

आणि ओळी? त्याने सांगितल्या दोन. तिसऱ्या ओळीनंतर एंटर मारलेलं नव्हतं, आणि हा ओळी मोजत नाही, ओळींचे शेवट मोजतो. डब्ल्यूसीही तेच करते, तेव्हा इथे आम्ही त्याला क्षमा केली.

एक बाइट म्हणजे एक अक्षर, हे धरून चालणं तसं वेडेपणाचं नव्हतं. भारतीय लिप्यांसाठी केलेल्या इस्की या मानकात, १९९१ मध्ये ते भारतीय मानक झालं, देवनागरीच्या एकेका खुणेला एकच बाइट होता. पुण्याच्या सीडॅकने जिस्ट तंत्रज्ञानातून ते पुष्कळ ठिकाणी पोचवलं. इस्कीतली ‘आष्टा’ या प्रोग्रॅमला दिली असती तर त्याने ‘ष’ एकच सांगितला असता. आणि यूटीएफ-८ ला आम्ही दोषही देत नाही. केन थॉम्पसन आणि रॉब पाइक यांनी ती १९९२ च्या सप्टेंबरात न्यू जर्सीतल्या एका खाणावळीत जेवताना आखली, आणि आखताना एक शहाणपण ठेवलं: एका खुणेचे बाइट दुसऱ्या खुणेच्या पोटात कधीच सापडत नाहीत. म्हणून आपल्या प्रोग्रॅमची जागांची मोजणी मराठीतही बरोबर येते. ३२ हा बाइट कुठल्याही देवनागरी खुणेच्या मध्ये येऊच शकत नाही. दोष पद्धतीत नाही. ‘मी एकाच बाइटाकडे पाहिलं, तीनांकडे नाही’ हे न सांगता आकडा पुढे करण्यात आहे.

हे सगळं प्रयोगशाळेपुरतं असतं तर आम्ही तुमचा वेळ घेतला नसता. आमचे एक शेजारी आहेत, आमच्याच वयाचे, ऊस करतात. त्यांच्या आडनावात ‘कुऱ्हाड’ या शब्दात येतो तसा अर्धा ‘र’ आहे. एका योजनेच्या यादीत नाव आलंय का ते बघायला ते एका कचेरीत गेले. खिडकीवरच्या मुलाने नाव टाइप केलं, पडद्यावर पाहिलं आणि म्हणाला, ‘काका, तुमचं नाव नाही.’ ते परत आले. आठ दिवसांनी पुन्हा गेले. पुन्हा नाही. तिसऱ्या खेपेला दुसऱ्या कुणीतरी नावाऐवजी नंबर टाकला आणि नाव समोर आलं; पहिल्या दिवसापासून तिथेच होतं. शेजाऱ्यांनी यादी आणि त्यांचा अर्ज दोन्ही आमच्याकडे आणले, तेव्हा नातीने दोन्ही फाइली बाइटांत उघडून पाहिल्या. डोळ्याला आडनाव एकसारखं. पण तो अर्धा ‘र’ एका ठिकाणी ‘ऱ’ आणि हलन्त असा सहा बाइटांत होता, आणि दुसऱ्या ठिकाणी साधा ‘र’, हलन्त आणि एक न दिसणारी सांधणारी खूण असा नऊ बाइटांत. जुन्या आणि नव्या कळफलकांतून हे दोन्ही प्रकार लिहिले जातात. बाइट जुळले नाहीत, तेव्हा यंत्राने शून्य सांगितलं.

तो खिडकीवरचा मुलगा काही उद्धट नव्हता. त्याला पडद्यावर जे दिसलं ते त्याने सांगितलं. पण ‘तुम्ही टाइप केलेल्या बाइटांशी जुळणारं काही सापडलं नाही’ आणि ‘या माणसाचं नाव यादीत नाही’ ही दोन वाक्यं वेगळी आहेत, आणि त्या दोन वाक्यांमधलं अंतर आमच्या शेजाऱ्यांनी एसटीने तीन वेळा कापलं. असता तर दिसलाच असता, ही योग्यता तिथे होती का, हे ना त्या मुलाला विचारायला शिकवलेलं, ना ती शोधाची सोय लिहिणाऱ्याला. आणि लिहिणारा कोण? पाच-दहा वर्षांपूर्वी चार ओळींच्या इंग्रजी फाइलवर सही मिळवून पास झालेलं आपल्यातलंच एखादं पोरगं. आपल्या आष्ट्यातही अभियांत्रिकी महाविद्यालय आहे; दरवर्षी आपली मुलं तिथून बाहेर पडतात, आणि उद्या आपली नावं त्यांचेच प्रोग्रॅम वाचणार आहेत.

म्हणून आमची मागणी लहान आहे. प्रयोग बदलू नका. सही करण्याआधी चार फाइली द्या: एक जी नाहीच, एक रिकामी, एक बफरपेक्षा मोठी, आणि एक मराठी. पहिलीला प्रोग्रॅमने म्हणावं, ‘फाइल सापडली नाही’. दुसरीला म्हणावं, ‘फाइल वाचली, आत काही नाही’. ही दोन वाक्यं वेगळी आली की आम्ही ओरलचे पुरे गुण द्यायला तयार आहोत, ‘फार’ म्हणजे काय ते सांगता आलं नाही तरी.

नातीने सुट्टीत तो प्रोग्रॅम पुन्हा लिहिला. उणे १ गेला, ६३ वा बिट आला. वाचन शून्य येईपर्यंत फेऱ्यात गेलं. इथे एक अडचण निघाली: ४०९६ ला तिनाने भाग जात नाही, तेव्हा बफर भरला की शेवटची देवनागरी खूण मधेच तुटू शकते, एक बाइट या खेपेत आणि दोन पुढच्या. त्यात तिची एक संध्याकाळ गेली. शेवटी तुटलेले बाइट बफरच्या सुरुवातीला आणून ठेवायचे आणि पुढचं वाचन त्यांच्या मागे चिकटवायचं, असं तिने केलं. शोधायचं अक्षर तीन बाइटांनी जुळवायला लागली. ‘आष्टा, वाळवा, शिराळा’वर उत्तर आलं, ‘ष’ एक. रिकाम्या फाइलीवर आलं, ‘आत काही नाही’. आम्ही सोप्यातून आत ओरडून चहा सांगितला.

चहा येईपर्यंत तिने आणखी एक शब्द टाकून पाहिला: शिक्षक. ‘ष’ किती? प्रोग्रॅम म्हणाला, एक. ती म्हणाली, ‘आबा, शिक्षकमध्ये ष कुठाय? क्ष आहे.’ आम्ही म्हटलं, ‘क्ष’ म्हणजे ‘क्’ आणि ‘ष’ यांचं जोडाक्षरच, यंत्रातही ते क, हलन्त, ष असंच ठेवलेलं आहे. ती म्हणाली, ‘मग शाळेत मुळाक्षरांच्या तक्त्यावर ळ नंतर क्ष, ज्ञ असं वेगळं चित्र का होतं? तिथे तर मला ष दिसला नव्हता.’ हा ‘नाही’ कुठल्या जातीचा, यावर विचार करायला आम्ही तिच्याकडे दोन दिवस मागून घेतले. ती पुण्याला परत गेली, आणि ते दोन दिवस अजून चालू आहेत.